गाठीचं नाव

गावाचं नाव सांगत नाही. मेहकर तालुक्यातलं, डोणगावच्या बाजाराला बैलगाडीनं सकाळी निघून दुपारपर्यंत परतता येईल असं एक गाव, एवढं पुरे. ज्या घराविषयी लिहितो आहे त्या घरची माणसं अजून भाजी विकतात. माझ्या तोंडामुळं त्या घराचं नाव एकदा जायच्या बेतात आलं होतं. या वयात पुन्हा ते पाप नको.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. दवाखान्याच्या कागदांवर दोन्ही नावं छापलेली असत. औषध मागवलं की नागपूर म्हणे बुलढाण्याला विचारा, आणि बुलढाणा म्हणे आम्ही नागपूरला कळवलं आहे. त्यात दुसरी मोठी लढाई सुरू झालेली. क्विनाइन मोजून यायचं, कापूस मात्र भरपूर, कारण तो इथंच पिकायचा. मी पस्तिशीत होतो आणि थकलेला होतो. थकायला काही वय लागत नाही. रोज तीच खरूज, तोच हिवताप, तोच पायातून निघणारा नारू आणि तीच 'बरं नाई वाटत' म्हणून ओट्यावर बसलेली माणसं, एवढं पुरतं. नागपूरच्या मेडिकल स्कुलात शिकताना वाटायचं, आपण रोग शोधून काढू. गावात आल्यावर कळलं, रोग आपल्याला रोज शोधत येतात आणि ते सगळे ओळखीचे असतात.

अशात एका सकाळी बागवान चाचा आपली सून घेऊन आले. चाचा म्हणजे गावातले मोठे भाजीवाले. गावाखालच्या नाल्याकाठी त्यांची बाग होती. मेथी, मुळा, कोथिंबीर, कांद्याची पात तिथून निघायची आणि आसपासच्या चार बाजारांत जायची. त्या दिवशी भाजीची गाडीच दवाखान्यापुढं उभी राहिली, आणि मेथीच्या जुड्यांना टेकून वीस-बावीस वर्षांची ती सून बसली होती. उजवा हात मनगटापर्यंत भाजलेला. झटका आला तेव्हा ती चुलीपुढं भाकरी थापत होती.

वर्षभरापासून मिरगी येते, असं सासूनं सांगितलं. कांदा हुंगवून झाला होता, चप्पल हुंगवून झाली होती, ताईत झाला होता, दर्ग्यावर नेऊन आणलं होतं. सगळीकडून फिरून माणूस आमच्याकडं येतो. आम्ही शेवटचे, आणि आम्हीच उशीर केला असं वर ऐकायचं. तिला दोन मुलं होती, मोठा मुलगा तीनेक वर्षांचा आणि एक अंगावर पिणारी मुलगी. मी हात बांधला, ब्रोमाइडचं मिक्स्चर दिलं आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

ब्रोमाइडनं झटके थोडे कमी झाले, पण तिच्या तोंडावर पुटकुळ्या उठल्या आणि ती बसल्याजागी पेंगू लागली. सासू म्हणाली, यापेक्षा मिरगी बरी होती, निदान बाकीच्या वेळी कामाला तरी उठायची. मी चिडलो. चिडायला मला तेव्हा फार कारण लागत नसे. मग फेनोबार्बिटोनच्या गोळ्या मिळवायच्या मागे लागलो. लढाईमुळं त्या मिळणं कठीण होतं. अकोल्याच्या एका ओळखीच्या डॉक्टरानं थोड्या दिल्या, त्या मी पात्यानं अर्ध्या करून पुरवू लागलो.

गाठी सापडल्या त्या अशाच, कामाच्या ओघात. हाताची जखम भरत आली होती. पट्टी सोडताना माझा अंगठा तिच्या दंडाला लागला आणि कातडीखाली काहीतरी सरकलं. हरभऱ्याएवढं, टणक, हाताला लागताच बाजूला होणारं. मी विचारलं, हे कधीपासून आहे? ती म्हणाली, ते पहिल्यापासून आहे, दुखत नाही, म्हणून सांगितलं नाही. मानेवर एक निघाली, पाठीवर दोन, मांडीवर आहेत असं सासूनं हात लावून सांगितलं. मोजल्या तर आठ भरल्या.

मला एकदम नागपूर आठवलं. आमच्या सरांनी पलटणीतून परत आलेला एक शिपाई वर्गापुढं उभा केला होता. त्याला असेच झटके यायचे, अंगावर अशाच गाठी होत्या. सर म्हणाले होते, गाठ हाताला लागली तर झटका कुठून येतो हे विचारू नका. जे बाहेर आहे तेच आत मेंदूत आहे. शिपायाच्या मांडीचा एक्स-रे त्यांनी खिडकीला लावून दाखवला होता, त्यात तांदूळ सांडावेत तसे पांढरे ठिपके होते. आमच्याकडं एक्स-रे नव्हता. पण चाकू होता, आणि कधीकाळी कुणीतरी पाठवलेला एका डोळ्याचा मायक्रोस्कोप कपाटात पडून होता.

चाचांची परवानगी घेऊन मी मानेवरची गाठ काढली. सुन्न करायचं औषध दिलं होतं. ती हूं की चूं न करता बसली, सासूनं तिचा पदर धरून ठेवला होता. आतून पाण्यानं भरलेली एक फुगीर पिशवी निघाली, मोगऱ्याच्या कळीएवढी, आणि तिच्यात एक पांढरा ठिपका. तो ठिपका मी दोन काचांमध्ये दाबला. भिंगाखाली गळासारख्या बारीक आकड्यांचं कडं दिसलं, पुस्तकातल्या चित्रात असतं तसंच, एकही आकडा कमी नाही. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की आज त्याची लाज वाटते. कितीतरी वर्षांत मी पहिल्यांदा काहीतरी शोधलं होतं. आत बाई मानेला टाके घालून बसलेली, आणि मी कंपाउंडरला बोलावून भिंगातून दाखवत होतो.

तसाच मी ओट्यावर गेलो. तिथं चाचा होते, सासू होती, आणि बाजाराचा दिवस असल्यानं दहा-बारा रोगी बसलेले होते. मी मोठ्यानं सांगितलं, रोग सापडला, हिच्या डोक्यात किडे आहेत. त्यात नवल असं कुणाला वाटलं नाही. आमच्याकडं पायातून हातभर नारू निघतो, लोक तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढतात. सासूनं सरळ विचारलं, मग हाही नारूसारखा काडीला गुंडाळून काढता येणार नाही का? मला हसू आलं. नारू वेगळा आणि हा वेगळा, हे तिला समजावून सांगायच्या भरात मी बोलून गेलो, की हा डुकराचा किडा आहे, डुकराच्या मांसातून येतो.

चाचांनी टोपी नीट केली, सुनेला आणा म्हणाले, आणि गाडी जुंपली. सासूनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. कंपाउंडर मागून म्हणाला, साहेब, असं नव्हतं बोलायला पाहिजे. मी त्याच्यावर ओरडलो, की जे आहे ते आहे, शास्त्राला जातधर्म नसतो. असली वाक्यं मला तेव्हा सहज सुचत.

आठ दिवसांत गावभर झालं. ज्यांच्या घरात त्या जनावराचं नावसुद्धा तोंडानं घेत नाहीत, 'ते' म्हणतात, त्यांच्या सुनेच्या डोक्यात 'ते' आहे. मराठीत डोक्यात किडा वळवळतो म्हणजे माणूस खोड्या काढतो. तेवढंच असतं तर चाललं असतं. पण इथं प्रश्न खाण्याचा झाला होता. तिच्या माहेरच्या गावात डुकरं पाळणाऱ्यांची वस्ती होती. लहानपणी कुणाच्या घरी गेली असेल, काही खाल्लं असेल, माहेरच्यांनी लपवलं असेल, असं एकानं म्हटलं आणि दुसऱ्यानं पाहिल्यासारखं सांगितलं. घरात तिचं ताट वेगळं झालं, पाण्याचा लोटा वेगळा झाला. मेथीच्या जुड्या बांधायचं काम तिच्याकडून काढून घेतलं, कारण बाजारात मुसलमान बाया विचारत होत्या, ह्या जुड्या कुणाच्या हातच्या. तिच्या बापाला निरोप गेला, नवरा चाचांच्या शब्दाबाहेर नव्हता. येत्या जुम्म्याला नमाजानंतर चार बुजुर्ग बसणार, आणि तिला बापाबरोबर परत पाठवायचं, मुलं इथंच ठेवायची, असं जवळजवळ ठरलं होतं.

हे मला तिच्याकडूनच कळलं. मानेचे टाके काढायला ती एका म्हाताऱ्या शेजारणीबरोबर आली. टाके निघाल्यावर तिनं हे सगळं सांगितलं. मग पदर सारखा करून म्हणाली, "साहेब, म्या त्याचं नाव बी घेत नाई तोंडानं. मंग माह्या अंगात ते आलं कोठून?"

मी म्हणालो, कधी चुकून खाल्लं गेलं असेल. ती म्हणाली, नाही. एवढंच म्हणाली. खोटं बोलणारी माणसं कसमा खातात. हिनं एकही कसम खाल्ली नाही. मी घरी आलो तो तिच्यावरच चिडून. पण ते 'नाही' काही केल्या डोक्यातून जाईना. जेवण तसंच टाकून नागपूरचं जुनं पुस्तक काढलं आणि ते पान पुन्हा वाचलं. परीक्षेपुरतं घोकलेलं आपण शहाणपण समजतो, आणि त्याला वर्षानुवर्षं हात लावत नाही.

पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. डुकराच्या मांसातून माणसाला होतो तो आतड्यातला लांब पट्ट्यासारखा जंत. तो पोटात राहतो, त्यानं झटके येत नाहीत. मेंदूत आणि कातडीखाली ज्या गाठी होतात त्या त्या जंताची अंडी गिळल्यानं होतात. आणि ती अंडी असतात तो जंत ज्याच्या पोटात आहे त्या माणसाच्या विष्ठेत. डुक्कर विष्ठा खातं म्हणून त्याच्या अंगात गाठी होतात, आणि माणूसही तसाच, नकळत विष्ठा खातो म्हणून त्याच्या अंगात होतात. म्हणजे या रोगापुरतं डुक्कर बिचारं आमच्या ओट्यावरच्या रोग्यांतलंच एक. बाईनं मांस खाल्लं नव्हतं. मी चुकलो होतो, आणि दहा-बारा जणांसमोर मोठ्यानं चुकलो होतो.

मग दुसरा प्रश्न आला. मांस नाही, तर विष्ठा कुठून? दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाल्यानं फिरायला गेलो. गावाच्या वरच्या अंगाला गोदरी, म्हणजे सगळं गाव लोटा घेऊन जातं ती जागा. तिथून उतारानं नाला येतो. आणि गोदरीच्या खाली शेदोनशे पावलांवर दगड टाकून नाल्याचं पाणी अडवलेलं, ते पाटानं चाचांच्या बागेत सोडलेलं. वाफ्यांत मेथी अशी हिरवीगार उभी होती की पाहत राहावं. आमच्याकडं मेथी काही नेहमी शिजवत नाहीत. कोवळी असली की भाकरीबरोबर तशीच खातात, मुळा तसाच, पात तशीच. मी स्वतः आठवड्यातून दोनदा खात होतो.

चाचा पाणी देत होते. मी बांधावर बसलो आणि जे वाचलं ते सगळं सांगितलं. चुकलो, असंही म्हणालो. ते त्यांनी ऐकून घेतलं. मी म्हणालो, जुम्म्याला मी स्वतः येतो आणि चारचौघांत सांगतो, की हिनं काही खाल्लेलं नाही, हा रोग घाणीच्या पाण्यातून, भाजीतून आला. चाचांनी फावडं खाली ठेवलं. ते माझ्या बापाच्या वयाचे होते, आणि मला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं मी काय करायला निघालो आहे ते.

"घान कोठची, असं लोक इचारतीन, साहेब. मंग सारं गाव माह्या बागंकडं पाहीन. अकरा तोंडं हायेत माह्या घरात." मग म्हणाले, "तुम्ही भाजीचं नाव काढू नका. आमी सुनेचं नाव काढत नाई."

मी विचार करतो म्हणालो. खरं तर विचार कसला करायचा होता? माझ्यासमोर दोनच गोष्टी होत्या. खरं बोललो तर घर बुडतं, आणि बुडत्या घरात सुनेला कोण ठेवणार? गप्प बसलो तर ती जाते, मुलं राहतात. चाचांनी तिसरी वाट दाखवली होती: भाजीचं मी झाकायचं, सून त्यांनी ठेवायची. मला ती आवडली नाही, पण मला तेव्हा दमायला झालं होतं, आणि दमलेल्या माणसाला वाट दिसली की तो तिची परीक्षा घेत बसत नाही. मी एक अट घातली: पालेभाजीला नाल्याचं पाणी द्यायचं नाही, विहिरीचं द्यायचं. चाचा हो म्हणाले. माझ्या पाठीमागं पलीकडच्या वाफ्यात कुणीतरी गवत निंदत होतं, त्याकडं माझं लक्ष नव्हतं.

मध्य प्रांत व वऱ्हाड छापलेल्या कागदावर मी दाखला लिहिला. सदरहू बाईच्या अंगावरील गाठी साध्या चरबीच्या आहेत, झटके बाळंतपणातील अशक्तपणामुळे येतात, कोणत्याही जनावराशी त्यांचा संबंध नाही. चाचा समोर उभे होते. त्यांना वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, खाण्याशी संबंध नाही, हेही लिहा. मी तेही लिहिलं, सही केली, शिक्का मारला. आधी जे बोललो ती माझी चूक होती, असं मी जुम्म्याला जाऊन तोंडानंही सांगितलं. लोकांनी मान डोलावली. डॉक्टर एकदा चुकतो हे त्यांना पटलं, आणि एकदा चुकल्यावर दुसऱ्यांदा खरं बोलत असेल असंही वाटलं. तिचा बाप एकटाच परत गेला.

त्यानंतरची वर्षं गोळ्यांची. किडा मारायचं औषध तेव्हा नव्हतं. आता आहे म्हणे, आणि मशीनमध्ये डोकं घातलं की आतलं सगळं दिसतं म्हणे. आम्ही फक्त झटका दाबून ठेवायचो आणि किडा आपणहून मरायची वाट पाहायचो. त्यातही गंमत अशी, की जिवंत असेपर्यंत तो गुपचूप असतो आणि मरताना गोंधळ घालतो. दर पंधरा दिवसांनी ती यायची, अर्ध्या केलेल्या गोळ्या कागदाच्या पुडीत घेऊन जायची. एकदा गोळ्या आल्याच नाहीत. दोन आठवडे मी रोज पोस्टात माणूस पाठवत होतो. तेवढ्यात तिला एका दिवसात पाच झटके आले, जीभ चावून फाटली. गोळ्या आल्या आणि ती पुन्हा उभी राहिली. हळूहळू झटके वर्षातून एक-दोनवर आले. घरात तिचं ताट सगळ्यांत आलं, जुड्या पुन्हा ती बांधू लागली. सासू मला पाहून पदर सावरायची आणि कधी कधी चार मुळे दवाखान्यात पाठवायची.

ते मुळे मी घरी न्यायचो. आमच्या घरी पालेभाजी लाल औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवली जायची. पटकीच्या दिवसांत विहिरीत टाकतात तेच पोटॅशियमचं औषध, दवाखान्यात त्याचा डबा असायचा. बायकोनं विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, आणि शेजारी बोलू नकोस असंही सांगितलं. ती बोलली नाही. पण कुणी शेजारीण दारात बसून भाकरीबरोबर मेथी खाताना दिसली, की ती आत निघून जायची. एकदा ती मला म्हणाली, तुमच्या पोटातलं गुपित धुवायला कोणतं औषध आहे? मी तिलाही ओरडलो.

विहिरीचं पाणी चाचांनी एक हिवाळा दिलं. उन्हाळ्यात विहीर आटली. पुढच्या हिवाळ्यात मी नाल्यानं गेलो तेव्हा दगड पुन्हा टाकलेले होते आणि पाट वाहत होता. मी चाचांना विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सिव्हिल सर्जन तपासणीला बुलढाण्याहून यायचे. त्यांना द्यायला नाल्याविषयी मी एक कागद लिहून ठेवला होता, भाजीचं नाव न घेता. ते आले, औषधांचा साठा पाहिला, जेवले आणि गेले. कागद टेबलातच राहिला. मी तो द्यायला विसरलो असं म्हणता येईल, पण तसं नव्हतं. दिला असता तर ते नाल्यावर आले असते, आणि नाल्यावर आले की बाग दिसते.

गाव सोडायची वेळ आली ती लढाई संपल्यावर. माझी बदली वरवट बकालच्या बाजूला झाली होती. मी नव्या माणसाला द्यायची यादी करत होतो, इतकी भांडी, इतक्या बाटल्या, मायक्रोस्कोप एक. तेव्हा ती आली. या वेळी शेजारीण नव्हती. बरोबर मुलगी होती, सात वर्षांची, अंगावर पिणारी होती तीच. मला वाटलं, गोळ्यांचं पुढं कसं करायचं ते विचारायला आली. मी नव्या डॉक्टरासाठी चिठ्ठी लिहायला घेतली.

तिनं मुलीला पाठमोरी केली, वेणी बाजूला घेतली आणि म्हणाली, "इथी हात लावा, साहेब."

मी लावला. कातडीखाली हरभऱ्याएवढं काहीतरी सरकलं. मी पुन्हा लावला, पुन्हा सरकलं. बरगडीवर दुसरी होती. झटका आला का, विचारलं. "नाई अजून," ती म्हणाली. न्हाऊ घालताना हाताला लागली, असं तिनं सांगितलं. आपल्याही अशाच होत्या, म्हणून लगेच कळलं.

मला राग आला. कुणाचा, हे ठाऊक असूनही तो मी तिच्यावरच काढला. कच्ची भाजी मुलांना देऊ नका, असं मी सासूला कारण न सांगता शंभरदा सांगितलं होतं, तेच तिला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "मले मालूम व्हतं, साहेब. तुमी बागंत सासऱ्याशी बोलले, तवा म्या मांगच्या वाफ्यात निंदून राह्यली व्हती. सारं आयकलं."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, बोलली असती तर घर गेलं असतं.

"अन् ही?" मी मुलीकडं बोट केलं.

"घरात तेच येते, तेच खातात सारे. म्या हिचं ताट येगळं केलं असतं, त सासूनं इचारलं असतं, काऊन."

मी सांगू लागलो, की झटका येईलच असं नाही, गाठी डोक्यात गेल्या नसतीलही, आला तर काय करायचं, गोळ्या कुठून आणायच्या. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पदराच्या आतून एक कोरा कागद काढला, घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्यात घालून आणलेला. दवाखान्याचाच होता. छापील. कंपाउंडरकडून मागून घेतला असावा.

"मले लिवून देलं व्हतं तसंच हिले बी लिवून द्या. चरबी. त्याचं बी नाव नको अन् भाजीचं बी नको. नवा डाक्टर कोन येईन, काय लिहीन, काय मालूम. हिच्या लगनाच्या येळी लागन."

मुलगी खिडकीच्या गजांना धरून बाहेर बैल पाहत उभी होती. मी टाक घेतला. साध्या चरबीच्या गाठी, असं लिहिलं. कोणत्याही जनावराशी अथवा खाण्याशी संबंध नाही, असं लिहिलं. मुलीचं वय सात, असं लिहायला गेलो, तेव्हा तिनं माझ्या हातापुढं आपला हात आडवा धरला. वय नका लिहू साहेब, म्हणाली, आणि तारीख बी नका टाकू, नाई त तवा कामी येनार नाई.

मी दोन्ही जागा कोऱ्या ठेवल्या आणि खाली सही केली.